क्लोराइडचा क्लोरीन झाला तेव्हा

मी वडिलांना नाना म्हणायचे, आणि झाशीत ही एक कटकटच होती. हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील. शाळेत, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, जिथे म्हणून मी त्यांना हाक मारायची तिथे कुणीतरी विचारायचंच, "बिटिया, नाना के साथ आई हो? पापा कहाँ हैं?" नाना तेव्हा जेमतेम चाळिशीचे. ते लाल व्हायचे आणि मग दुकानदाराला उभ्या उभ्या समजावून सांगायचे, की मराठीत हा शब्द वेगळा, हिंदीत वेगळा. दुकानदार मान डोलवायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायचा. माझे वडील आयुष्यभर लोकांना काहीतरी समजावून सांगत राहिले आणि आयुष्यभर वैतागत राहिले. तो वैताग माझ्यात उतरला आहे. आता मी सत्तरी ओलांडली आहे, तरी कुणी बोलताना चुकीचा शब्द वापरला की माझ्या कपाळावर त्यांचीच आठी उमटते असं माझी सून म्हणते.

नाना साताऱ्याकडचे. रेल्वेच्या लोको शेडमध्ये पाणी तपासायची एक छोटी प्रयोगशाळा होती, तिथे ते होते. इंजिनाच्या बॉयलरमध्ये कसलंही पाणी घालून चालत नाही, आत खपली धरते, फेस येतो, नळ्या फुटतात, हे मला अक्षरओळखीच्या आधी ठाऊक झालं होतं. स्टेशनास्टेशनावरच्या टाक्यांचं पाणी बाटल्यांतून त्यांच्याकडे यायचं आणि ते त्यातला खारेपणा मोजायचे. त्यासाठी सिल्व्हर नायट्रेट लागायचं. त्याचा थेंब अंगावर पडला तर काही वाटत नाही, पण उन्हात गेलं की तिथे काळा डाग पडतो आणि तो आठ-पंधरा दिवस जात नाही. नानांची बोटं कायम डागाळलेली असायची. आईला वाटायचं, पंगतीत लोक काय म्हणत असतील.

आई मात्र झाशीचीच. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, पौरोहित्य करणारं, आणि रेल्वेचं क्वार्टर मिळालं नाही म्हणून आम्ही तिच्याच माहेराजवळ, खंडेराव गेटाच्या आत एका गल्लीत भाड्यानं राहत होतो. आईची मराठी ही नानांची दुसरी डोकेदुखी. "मी मंदिरात जाऊन आली," "पाणी भरून राहिली आहे," "दाल चढवून दिली, आता फुलके सेकते." नाना ताटावरून मान वर न करता दुरुस्ती करायचे, "आले. भरते आहे. वरण. भाजते." आई म्हणायची, "तेच तर बोलली मी." आणि त्यांच्या पानात आणखी एक फुलका पडायचा. जेवायला आमटी गुळाची असायची आणि सोबत शेजारून आलेली महेरी, ताकात शिजवलेल्या ज्वारीची. ती नानांना आवडायची, पण आवडते असं त्यांनी कधी कबूल केलं नाही.

शेजार म्हणजे शकुनचं घर. मध्ये एकच भिंत होती, आणि ती इतकी पातळ की त्यांच्याकडे मसाला वाटायला लागले की आमच्या फळीवरची भांडी थरथरायची. शकुन माझ्या वर्गात होती. आमच्या शाळेत त्या वर्षी विज्ञान घेतलेल्या मुली आम्ही दोघीच. बाकीच्यांनी गृहविज्ञान घेतलं होतं आणि आमच्याकडे पाहून त्या हसायच्या. खरं सांगायचं तर रसायनशास्त्र शकुनला यायचं आणि मला घरात मिळायचं. मी पाठ करायची. तिला समजायचं. तिचे वडील मालधक्क्यावर कारकून होते. त्यांनी तिला दहावीच्या परीक्षेपर्यंत शिकू द्यायचं कबूल केलं होतं. "हाईस्कूल पास कर ले, फिर देखेंगे," एवढंच त्यांचं वचन.

नाना आम्हा दोघींना ओसरीवर शिकवायचे. त्यांचा सगळ्यात मोठा राग होता तो 'एकच तर आहे' या वाक्यावर. एकदा गल्लीत कल्हईवाला बसला होता. तापलेल्या पातेल्यावर त्यानं नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, सगळ्यांच्या नाकात झिणझिण्या आल्या. मी म्हणाले, "अमोनिया!" नाना म्हणाले, "धुरात अमोनिया आहे. त्याच्या पुडीत काय आहे?" मी म्हणाले, "तेच की, अमोनिया." झालं. अर्धा तास. पुडीत आहे ते अमोनियम, त्याच्यावर विजेचा भार असतो, ते एकटं कधी राहत नाही, क्लोराइडला धरून मिठासारखं खडा होऊन बसतं. अमोनिया हा मोकळा वायू, त्याच्यावर भार नाही. पुडी खिशात घालून फिरता येतं, वायू हुंगून माणूस आडवा होतो. त्यांनी कल्हईवाल्यालाही यात ओढलं. तो भाता न थांबवता म्हणाला, "साब, नाक को तो एक ही लगता है." नाना उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी शकुननं त्यांना विचारलं, "चाचाजी, तो नमक में भी क्लोरीन नहीं है न? क्लोरीन होता तो हम मर जाते." नाना थबकले. मग इतक्या मृदू आवाजात बोलले की मला हेवा वाटला. क्लोरीनला एका इलेक्ट्रॉनची हाव असते, म्हणून तो जे दिसेल त्यावर तुटून पडतो. जंतूवर, कपड्याच्या रंगावर, माणसाच्या फुप्फुसावर. तो एक इलेक्ट्रॉन मिळाला की त्याचं क्लोराइड होतं, आणि मग ते कुणाच्या वाटेला जात नाही. मिठात आहे, घामात आहे, डोळ्यांतल्या पाण्यात आहे. "इंग्रजीत एकच अक्षर बदलतं," ते म्हणाले, "आणि वस्तूच बदलते." शकुननं वहीत लिहून घेतलं. मीही घेतलं.

(परवा माझ्या रक्ताच्या तपासणीत सोडियम कमी निघालं. भाच्यानं फोनवर शोधलं, तर त्यात सोडियमचा तुकडा पाण्यात टाकून स्फोट होतानाचं चित्र. तो घाबरून मला म्हणाला, "मौसी, आपके ख़ून में ये था?" मी त्याला बसवून धातू आणि आयन यांतला फरक सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "मतलब वही हुआ न." मी त्याला चहा करायला पाठवलं.)

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. माघातच नळाला अर्धा तास पाणी येऊ लागलं आणि गल्लीनं पुन्हा जुनी विहीर धरली. आमच्या घरी प्यायचं पाणी नाना शेडच्या नळावरून डब्यात भरून सायकलला अडकवून आणायचे, बाकी सगळी गल्ली विहिरीवर. विहिरीची व्यवस्था दुबेजी बघायचे. ते निवृत्त मास्तर, गल्लीच्या समितीचे अध्यक्ष आणि समितीतले एकमेव काम करणारे गृहस्थ. ब्लीचिंग पावडरचं पोतं त्यांच्या ओसरीवर असायचं, आणि दर आठवड्याला ते नाकाला उपरणं लावून ती विहिरीत टाकायचे. बायका कुरकुरायच्या. वास येतो, चहा बिघडतो, देवाला हे पाणी कसं घालायचं. दुबेजी वैतागून म्हणायचे, "तो हमारो का सौक है?"

दुबेजींनीच नानांना पाणी तपासायला सांगितलं. नानांनी दिवाळीत एकदा तपासलं होतं, आता पुन्हा तपासलं. क्लोराइड तिप्पट झालं होतं. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी पूर्वीसारखंच होतं, फक्त आमचीच खारट होत चालली होती. म्हणजे जवळच कुठून तरी मीठ आत येत होतं, आणि गल्लीत मीठ येणार कुठून? विहिरीला लागून नाली होती. माणसाच्या पोटातून जे बाहेर जातं त्यात मीठ असतंच. हे सगळं नाना मला बोलले. कागदावर मात्र त्यांनी काय लिहिलं? इंग्रजीत चार ओळी, बॉयलरच्या पाण्याचा अहवाल लिहावा तशा: क्लोराइडचं प्रमाण इतकं, दिवाळीच्या तिप्पट, ही वाढ लक्षात घ्यावी, खाली सही. नाली फुटली आहे असं नाही, पावडर दुप्पट टाका असं नाही, पाणी उकळा असंही नाही. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नाली फुटली असं लिहिणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं, आणि आकडा पाहून कुणालाही कळेल असं त्यांना खरोखर वाटत होतं. या गोष्टीचा राग मला आजही येतो.

दुबेजींना हिंदी हवं होतं. नानांनी ते काम मला दिलं. पहिल्या प्रतीत मी मात्रा चुकवल्या, दुसरीत शाई सांडली, तिसरीत 'तिगुना'ऐवजी 'दुगुना' लिहिलं. प्रत्येक वेळी कागद माझ्यासमोर परत आला. परीक्षा महिन्यावर आली होती, मला गणित करायचं होतं, आणि नानांना दुसऱ्या सकाळी लाइनवर निघायचं होतं, उन्हाळ्याआधी सगळ्या स्टेशनांच्या टाक्या बघायला, तीन आठवड्यांसाठी. चौथी प्रत मी रागारागात सरसर लिहिली. 'कुएँ के जल में क्लोरीन की मात्रा दीवाली से तिगुनी पाई गई.' क्लोरीन. हात थांबला नाही असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं, पण तो थांबला होता. माझ्या मनात आलं होतं, की हे क्लोराइड हवं. आणि पाठोपाठ आलं, दुबेजींना काय कळतंय, एकच तर आहे. सकाळी नाना एका हातानं बिछाना बांधत होते, दुसऱ्या हातानं त्यांनी सही केली. "दुबेजींना नेऊन दे. काय ते समजतील."

दुबेजी समजले. त्यांनी विहिरीच्या चबुतऱ्यावर उभं राहून कागद मोठ्यानं वाचला. "लो भाई, रेलवे की परयोगशाला लिख रही है, कुएँ में क्लोरीन तिगुनो है! पाउडर में और का होत है? क्लोरीन ही न?" बायका खूश झाल्या. "हम तो पैलेंई कहत ते," कुणीतरी म्हणालं. पोतं बांधून आत गेलं, कागद चबुतऱ्याच्या भिंतीवर खळीनं चिकटवला गेला. मी तिथे कळशी घेऊन उभी होते. झाशीत पोरींना लाडानं बिन्नू म्हणतात; माझ्या अक्षराची दुबेजींनी तारीफ केली, "बिन्नू के मोती से अच्छर हैं," आणि मला बरं वाटलं. पोत्याचा विचार मनात आला होता का? यावर मी पुष्कळ वर्षं विचार केला आहे. मला वाटतं, तो दारापर्यंत आला होता आणि मी त्याला आत घेतलं नाही.

नाना नव्हते तेव्हा आई आमचं पाणी उकळून घ्यायची, ते जाताना सांगून गेले होते. गल्लीत कुणी उकळत नव्हतं. दहा-बारा दिवसांनी पहिला ताप आला, कोपऱ्यावरच्या घरात. मग दोन घरं सोडून. मग एका सकाळी भिंतीपलीकडून मसाला वाटल्याचा आवाज आला नाही. आईनं जाऊन पाहिलं आणि परत येऊन म्हणाली, "शकुनला बुखार चढून राहिला. चाची म्हणते मोतीझरा आहे." चाची म्हणजे शकुनची आई, आणि मोतीझरा म्हणजे विषमज्वर. डॉक्टर आले, गोळ्या दिल्या, अन्न बंद केलं. मला खोलीत जायची परवानगी नव्हती. मी ओसरीवरून मोठ्यानं तिला प्रश्न विचारायची, आवर्त सारणी, सूत्रं, आणि ती पलीकडून क्षीण आवाजात उत्तरं द्यायची. चौथ्या दिवसापासून उत्तरं येईनाशी झाली.

नाना आले तेव्हा गल्लीत पाच घरांत आजारी होते. सायकल चबुतऱ्याला टेकवून ते भिंतीवरचा कागद वाचत उभे राहिले. मी दारातून पाहत होते. एवढ्याशा चार ओळी, पण ते फार वेळ वाचत होते. घरात येऊन त्यांनी बूटही काढले नाहीत.

"सुधा, पावडर कधीपासून बंद आहे?"

"तुम्ही गेलात त्या दिवसापासून."

"का?"

आई म्हणाली, "अहो, तुम्हीच तर लिहून दिलं."

"मी क्लोराइड लिहिलं होतं."

"तर मग? हिनं तेच तर लिहिलं."

नाना आईकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील. ते खुर्चीवर बसले आणि काळ्या बोटांनी डोळे चोळले. "सही माझी आहे," ते म्हणाले. "न वाचता केली."

दुसऱ्या सकाळी त्यांनी विहिरीवर सगळ्यांना बोलावलं. आईकडून वाटीभर भाताची पेज घेतली आणि शेडमधून आयोडाइडची बाटली आणली. एका पेल्यात विहिरीचं पाणी, एका पेल्यात चिमूटभर ब्लीचिंग पावडर कालवलेलं पाणी, दोन्हींत थोडी पेज आणि आयोडाइड. पावडरचं पाणी क्षणात गर्द निळं झालं. विहिरीचं तसंच राहिलं. "देखिए, यहाँ क्लोरीन है. कुएँ में ज़रा भी नहीं है," नाना म्हणाले. मग विहिरीच्याच पाण्याच्या तिसऱ्या पेल्यात त्यांनी सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि पाणी दुधासारखं फाटलं. "ये क्लोराइड है. ये कीड़े नहीं मारता. ये बता रहा है कि नाली कुएँ में आ रही है."

दुबेजींनी चष्मा पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी समजून घ्यायची धडपड होती. "साहब," ते म्हणाले, "जैसे अपनी सकुन. घर में सकुन, स्कूल में सकुंतला. लड़की तो एकई है."

"नहीं, दुबेजी! एक नहीं है!" नानांचा आवाज फाटला. "एक ज़हर है, एक नमक है!"

"तो ज़हर नहीं निकला, ये तो अच्छी बात है," मागून एक बाई म्हणाली.

नानांनी पेले जमिनीवर ओतले. त्या दुपारी त्यांनी स्वतः नालीलगतची फरशी उखडून घेतली आणि खाली वीटभर रुंदीची भेग निघाली, तेव्हा लोकांना पटलं. पेल्यांतलं कुणालाही पटलं नव्हतं. पोतं बाहेर आलं, विहिरीत पावडर पडली, नाली सिमेंटनं बुजवली. जुना कागद नानांनी भिंतीवरून सोडवून घेतला आणि आपल्या फायलीत ठेवला. त्यांनी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं की चूक आमच्या कागदाची होती. मीही बरोबर होते. प्रत्येक घरात मी म्हणायची, "मुझसे गलत लिखा गया," आणि प्रत्येक घरात तेच उत्तर. "अरे बिन्नू, एक अच्छर की बात." "बच्ची है, साहब, डाँटिए मत." चाचीनं तर मला जवळ घेतलं आणि माझ्या हातावर बत्तासा ठेवला. आतल्या खोलीत तिची मुलगी तापानं फणफणत होती आणि ती मला बत्तासा देत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की तुम्ही मला माफ करताय, पण काय माफ करताय ते तुम्हाला माहीत नाही. नाना बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "चल." त्या दिवशी आम्ही दोघंही एकाच गोष्टीवर चिडलेलो होतो, आणि चिडायचा हक्क मला नव्हता.

सगळे आजारी बरे झाले, हे देवाचे उपकार. मी परीक्षा दिली. शकुनचा ताप उतरला तेव्हा शेवटचा पेपर होऊन गेला होता. पुढच्या वर्षी बसू दे, असं नानांनी तिच्या वडिलांना जाऊन सांगितलं. ते हात जोडून म्हणाले, "साहब, लड़की कमज़ोर हो गई है, अब और क्या पढ़ाई." झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावचं स्थळ आधीपासून सांगून आलेलं होतंच. धान्याची अडत असलेलं घर. वैशाखातली तिथी धरली.

तिला भेटायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी नानांच्या फायलीतून तो कागद काढून घेतला. शकुन खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. केस बारीक कापलेले, मनगटं इतकी बारीक की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं एकदा वाचला, आणि मग तिची नजर पहिल्या ओळीवर परत गेली.

"चाचाजी ने क्लोराइड लिखा होगा," ती म्हणाली.

"हाँ."

"तो पाउडर बंद कर दिया होगा इन लोगों ने."

मी मान हलवली. सगळ्या गल्लीला, दुबेजींना, माझ्या आईला जे तीन पेले दाखवून कळलं नाही, ते तिला एका ओळीत कळलं. मी समजावायला तोंड उघडलं. शकुन, मी घाईत होते, मला वाटलं...

"मुझे मत समझा. मुझे आता है." तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे परत दिला. "तुझे भी आता था."

मग ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. चाची दूध घेऊन आत आली आणि मला म्हणाली, "बैठो बिन्नू, थक गई है, अभी उठेगी." मी पुष्कळ वेळ बसले. ती उठली नाही.

पुढे मी चाळीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. क्लोराइडच्या जागी क्लोरीन लिहिलं की मी पूर्ण गुण कापायची, आणि पालक भांडायला यायचे, अर्धा तरी द्या म्हणून. मोठला मी तीनदा गेले. शकुननं दर वेळी पाट मांडून जेवायला वाढलं, मुलांची नावं सांगितली, आईची चौकशी केली. त्या कागदाबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही बोलले नाही. तिसऱ्या खेपेला निघताना तिनं दारात विचारलं, "तेरे यहाँ साइंस में कितनी लड़कियाँ हैं अब?"

मी म्हणाले, "पूरी क्लास भरी है."

"अच्छा," ती म्हणाली, आणि बस येईपर्यंत माझ्याबरोबर उन्हात उभी राहिली.